खांबाच्या पलीकडून ‘हां’

जिजामायवर अन्याय झाला. गेल्या वर्षी, पोळ्याच्या आदल्या दिवशी, मधली सुट्टी व्हायच्या आत. चुलीवर खिचडी शिजत होती, वर्गात दुसरीची पोरं पाढे म्हणत होती आणि तालुक्याहून आलेल्या एका साहेबाने आमच्या गावच्या मराठी शाळेच्या फाटकाला कुलूप घातलं. ‘इमारत धोकादायक’ असा कागद चिकटवला. पोरं दप्तरांसकट रस्त्यावर.

जिजामाय म्हणजे शाळेत पोषण आहार शिजवणारी बाई. तिने विचारलं, “साहेब, खिचडी तरी खाऊ द्या पोरेसले.”

साहेब म्हणाला, आत कुणीही थांबायचं नाही.

मग तिने गरम पातेलं पदराने धरून रस्त्यापलीकडे आपल्या ओट्यावर नेलं आणि पोरांना तिथे बसवून वाढलं. त्या शाळेचं ते शेवटचं जेवण.

शहाद्याच्या ज्या युवक मंडळात मी पत्रकं लिहायला शिकले, तिथे एक नियम होता. पहिल्या ओळीत लिही कुणावर अन्याय झाला आणि कधी. शेवटच्या ओळीत लिही वाचणाऱ्याने काय करायचं. मधे रडू नकोस. पाणी, एसटी, रेशन, सगळ्यांवर मी त्याच साच्यात पत्रकं लिहिली. यावेळी दोन्ही टोकं पाळते. मधलं जमेल असं वाटत नाही, कारण त्या शाळेत मी चौथीपर्यंत शिकले आणि तिच्या खांबांचं काँक्रीट ज्या फळ्यांत ओतलं ते सेंट्रिंग माझ्या अब्बांनी लावलं होतं.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. प्रकाशाचा पूल ओलांडून शहाद्याकडे निघालात की तापीच्या अंगाला जी गावं लागतात त्यातलं एक समजा. नाव छापलं तर कुणीतरी येईल, त्या एका गावापुरता फोटो काढेल आणि बाकीच्या शाळा तशाच राहतील. शिवाय नाव लिहिलं तर तुम्ही म्हणाल, हं, ते गाव होय, आपलं नाही.

आता धंद्याचं सांगते. मी काँक्रीटची तपासणी करते. सिव्हिलचा डिप्लोमा झाला आणि तपासणीच्या एका एजन्सीत लागले. कामाला निघालं की पिवळी पेटी, दोन गोल प्रोब, ग्रीसचा डबा, टेप, खडू, छिन्नी, हातोडी. प्रोब म्हणजे मुठीत मावणारा धातूचा तुकडा. एक खांबाच्या या अंगाला दाबून धरायचा, दुसरा बरोबर समोरच्या अंगाला. या बाजूने आवाज सोडायचा, त्या बाजूने पकडायचा. माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही इतका बारीक आवाज. खांब किती जाड ते टेपने मोजलेलं असतं, आवाजाला किती वेळ लागला ते यंत्र सांगतं. चांगल्या काँक्रीटमधून तो सेकंदाला चार किलोमीटरच्या आसपास पळतो. आत भेग असेल, पोकळी असेल, तर तिला वळसा घालून येतो आणि उशिरा पोचतो. एवढंच आहे. तापीच्या वाळूतलं टरबूज घेताना तुम्ही दोन टिचक्या मारून कान देता की नाही? तेच. फक्त आमच्या टिचकीला आकडा असतो.

लोकांना वाटतं, यंत्राला आतला गंज दिसतो. दिसत नाही. सळई गंजली की फुगते. आधीपेक्षा जास्त जागा मागते आणि भोवतीचं काँक्रीट बाहेर ढकलते. ते तडकतं. ती तड यंत्राला ऐकू येते. म्हणजे आम्ही रोग ऐकत नाही, रोग्याचं कण्हणं ऐकतो. मग त्या जागी छिन्नीने उघडून डोळ्यांनी सळई बघायची. जो उघडून न बघता ‘गंज आहे’ किंवा ‘गंज नाही’ असं छातीठोक सांगतो, त्याच्यावर विश्वास ठेवू नका. आमच्या एजन्सीचा असला तरी.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. नंदुरबारला एका मिरचीच्या गोदामात स्लॅब तपासायला गेलो तर आत पाऊल टाकताच शिंका. प्रोब धरला की शिंक, शिंक आली की प्रोब सरकला, आकडा गेला. शेठजी दारात खुर्ची टाकून बसलेले. म्हणाले, “बेटी, तुमचं मशीन कच्चं दिसतंय. आमचा हमाल दिवसभर आत असतो, एकदा शिंकत नाही.” शेवटी तोंडाला ओली फडकी बांधून काम केलं. स्लॅबचा एक कोपरा वाईट निघाला. तसं सांगितलं, तर शेठजी शांतपणे म्हणाले, “मग तेवढा कोपरा रिपोर्टात नका घेऊ.”

पुरुषोत्तमनगरच्या बाजूला एका बंगल्यात खांबाला ग्रीस लावत होते. घरातल्या बायका गोळा झाल्या. ग्रीस, प्रोब, पडदा. त्यांनी हे दुसरीकडे पाहिलेलं. एक आजी माझ्या कानाशी आली, “काय शे वं पोटमा? पोऱ्या का पोर?” तिची सून पदरात तोंड घालून हसत म्हणाली, “आत्याबाई, ते सांगनं गुन्हा शे!” त्या खांबाच्या पोटात मधमाशीच्या पोळ्यासारखी पोकळी निघाली. काँक्रीट ओतताना कुणी ते नीट ठोसलंच नव्हतं. हसणं बंद झालं. आजीने खांबावर हात फिरवला आणि विचारलं, “दुखस का त्याले?”

या कामातलं मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे ते एकट्याने होत नाही. खांबाच्या दोन बाजूंना दोन माणसं. मधे खांब, त्यामुळे एकमेकांचं तोंड दिसत नाही. मग आवाजावर चालतं. “लावलं?” “हां.” “दाब.” “हां.” “चल पुढे.” दिवसभर एवढंच बोलणं. अब्बांचं कामही असंच. सेंट्रिंगची फळी खालून एकाने उचलायची, वरून दुसऱ्याने धरायची, “हां?” “हां.” लहानपणी त्यांचा डबा घेऊन गेले की बांधकामावर अब्बा कुठे आहेत हे मला त्या ‘हां’वरून कळायचं. घरी आम्ही उर्दू मिसळलेली हिंदी बोलतो, गल्लीत अहिराणी, शाळेत मराठी. पण अब्बांचा ‘हां’ तिन्ही भाषांत एकच होता. ते जाऊन आता काही वर्षं झाली. फुप्फुसं गेली. सिमेंट आणि बिडी, दोघांनी मिळून.

आता शाळेकडे येते.

कुलूप लागलं त्याच्या आधीच्या आषाढात शाळांच्या तपासणीचं काम आमच्या एजन्सीला मिळालं. दिवसाला एकापेक्षा जास्त शाळा करायच्या, अशा अटीवर. भामरे सर आणि मी. सर माझे वरिष्ठ, धुळ्याचे. गुडघे गेलेले, स्वभाव लोण्यासारखा. माझ्या गावाचा नंबर आला तेव्हा मी जीपमध्ये ताठ बसून होते. सर म्हणाले, “निलोफर, माहेरी निघाल्यासारखी काय नटलीयेस?” नटले नव्हते. धुतलेली ओढणी घेतली होती, एवढंच.

गाव मात्र नटलं होतं. शाळेपुढे सडा, रांगोळी. आणि पडवीतले सगळे खांब नवंकोरं प्लॅस्टर करून, वर पिवळा रंग, खाली तांबडा पट्टा, असे उभे. आमच्या शाळेच्या खोल्या विटांच्या भिंतींच्या. पुढच्या पडवीचा स्लॅब तेवढा खांबांवर. तपासायचे ते हेच खांब.

भटूदादा शाळा समितीचा अध्यक्ष, केळीवाला शेतकरी. हात जोडून पुढे आला. शाळेची परीक्षा घ्यायला सरकारी माणसं येणार, एवढंच त्याच्यापर्यंत पोचलं होतं. मग गावाने निंदणी सोडून दोन दिवस श्रमदान केलं होतं. जुन्या रंगावरच प्लॅस्टर थापलं होतं, भेगा बुजवल्या होत्या, गंजाचे डाग झाकले होते. फसवायला नाही. लाज वाटली म्हणून.

मी म्हटलं, “भटूदादा, हे काय करून ठेवलं? आम्हाला तर उघडा खांब लागतो.”

तो म्हणाला, “आसं कसं वं? पोर दावानी व्हई तं तोंड धुईसनच दावतस ना?”

सरांनी बोटाच्या पेराने खांबावर टकटक केलं. भद्द. नव्या प्लॅस्टरखाली पोकळ. जुन्या रंगावर ते धरणार कसं? मी म्हटलं, “सर, पोकळ प्लॅस्टरवर प्रोब लावला तर आकडा काँक्रीटचा येणारच नाही. मधल्या हवेचा येईल. सगळे नापास दिसतील. काढायला हवं.”

सरांनाही ते माहीत होतं. त्यांनी छिन्नी हातात घेतली. तेवढ्यात जिजामाय चहा घेऊन आली आणि कौतुकाने खांबाकडे बघत म्हणाली, “रंग मी पसंत कया. बरा शे ना, सर?”

सरांनी छिन्नी पिशवीत परत ठेवली. मला हळूच म्हणाले, “दोन दिवस खपून केलंय गं यांनी. त्यांच्या तोंडावर कसं फोडायचं? आणि पुढच्या गावाला उशीर झालाय. मी शेरा लिहितो, प्लॅस्टर काढून फेरतपासणी करावी. होईल ती.”

मी तिथेच भांडले. जीपमध्येही भांडले. सर ऐकून घेत राहिले. त्यांनी शेरा लिहिला, खोटं नाही सांगत, स्वच्छ अक्षरात लिहिला. पण वरच्या कार्यालयात आकडे वाचले गेले, शेरा वाचला गेला नाही. प्रत्येक खांबापुढे ‘शंकास्पद’. मग पोळ्याच्या आदल्या दिवशी कुलूप.

गावाने पाहुण्यांची लाज राखली, पाहुण्यांनी गावाचं मन राखलं, आणि पोरांची शाळा गेली. ही चूक आमच्याकडेच होऊ शकते. दुसऱ्या कुठल्या मुलखात पाहुण्यासाठी खांबाला तोंड धुवून उभं करत असतील असं मला वाटत नाही.

पोरं शेजारच्या दोन गावांच्या शाळांत वाटून दिली. तात्पुरती, असं सांगितलं. पण हे तात्पुरतं किती विषारी असतं ते ऐका. पोराचं नाव दुसऱ्या शाळेच्या पटावर गेलं की आमच्या शाळेचा पट तेवढा उतरला. पट उतरत उतरत शून्यावर आला की शाळा दुरुस्त कुणासाठी करायची? शिक्षण खात्यातल्याच एका माणसाने मला हे परवाच तोंडी सांगितलं, आणि तो दुष्टपणे सांगत नव्हता, हळहळत सांगत होता. त्याच्या हिशेबाने येत्या जूनपर्यंत कुलूप निघालं नाही तर ती शाळा कायमची गेली. म्हणजे एवढंच पणाला लागलंय, बाकी काही नाही. येता जून, म्हणजे पुढच्या वर्षीचा.

मी एजन्सी सोडली. कार्यालयांचे उंबरे झिजवले. एके ठिकाणी सांगितलं, फेरतपासणीची तरतूद नाही. दुसरीकडे म्हणाले, तरतूद आहे, मागणी नाही. मागणी घेऊन गेले तर म्हणाले, तुम्ही कोण? मी म्हटलं, “त्या शाळेत शिकलेली.” साहेब हसला. “म्हणजे शिकून झालंय ना तुमचं?”

यंत्राशिवाय मी नुसती ओरडणारी पोरगी. आणि यंत्र माझ्यासारखीने विकत घेण्याजोगं नसतं. माघ महिन्यात एके दिवशी सरांचा फोन आला. आवाज खाली गेलेला. “निलोफर, रविवारी यंत्र कपाटातच असतं. मालकांना विचारलंय. ते हो म्हणालेत, पण जबाबदारी माझी. येऊ?”

रविवारी सर आले. फाटकाला कुलूप होतं, कुंपणाला नव्हतं. मागच्या बाजूला भिंत जिथे पडलीय, जिथून आम्ही बोरं खायला पळायचो, तिथून आत गेलो. सरांना भटूदादाने हाताला धरून आणलं. पडवीत वाळलेली पानं, कबुतरांची घाण. फळ्यावर अजून पाच ओळी होत्या, खिडकीतून दिसत होत्या. सातचा पाढा, पस्तीसपर्यंत आलेला. तिथेच खडू थांबलेला.

भटूदादाच्या हातात मी हातोडी दिली. म्हटलं, “तुम्ही थापलंय, तुम्हीच काढा.” त्याने ती हातात तोलली. मग म्हणाला, “मन्हा हात नही उठत वं.” जिजामायने त्याच्या हातून हातोडी घेतली. “रंग मन्हा पसंतीना व्हता,” म्हणाली, आणि हाणली.

प्लॅस्टर तुकड्यातुकड्याने पडलं नाही. भाकरीचा पापुद्रा सुटावा तसं अख्खं सुटलं. नवं तर सुटलंच, त्याच्यासोबत खालचं जुनंही. जुनं प्लॅस्टर करणाऱ्या गवंड्यानेही काँक्रीटला खाचा पाडल्या नव्हत्या, गुळगुळीत अंगावरच थापलं होतं. आळशी माणूस. त्याचे उपकार मी विसरणार नाही. कारण त्याने खाचा पाडल्या असत्या तर पुढचं मला दिसलंच नसतं.

काँक्रीटवर लाकडाच्या रेषा होत्या.

ओलं काँक्रीट ज्या फळ्यांत ओततात त्या फळ्यांचं अंग त्यावर उमटतं. उभ्या रेषा, मधेच एखादी गाठ, खिळ्याचं डोकं. अब्बांच्या फळ्या मी ओळखते. आमच्या अंगणात रचलेल्या असायच्या, त्यांच्यावर मी अभ्यासाला बसायचे. एका फळीला डोळ्यासारखी गाठ होती आणि तिच्या शेजारी तिरपी चीर. त्या फळीला आम्ही भावंडं ‘कानी’, म्हणजे एका डोळ्याची, म्हणायचो. ती फळी अब्बांनी शेवटच्या आजारात बंबात घालायला लावली. आणि ती इथे खांबावर, माझ्या छातीच्या उंचीला, गाठीसकट, चिरेसकट. इतकी वर्षं प्लॅस्टरच्या आत. मी चौथीपर्यंत या खांबाला टेकून डबा खाल्ला होता.

मी हात ठेवला. थंड होतं.

सर मागून म्हणाले, “काय झालं? भेग आहे का?”

मी म्हटलं, “नाही सर. सेंट्रिंग चांगलं आहे.”

सरांच्याने उभं राहवेना. ते भटूदादाने घरून आणलेल्या खुर्चीवर यंत्र मांडीत घेऊन बसले. मग दुसरा प्रोब कुणी धरायचा? भटूदादा अजून प्लॅस्टरचे तुकडे गोळा करत होता. जिजामाय म्हणाली, “आन इकडे. उकळत्या भातना पातेला धरस मी, हाई काय शे?”

मी एका बाजूला, ती दुसऱ्या. मधे खांब.

“जिजामाय, लावलं?”

“हां.”

“दाबून धर. हलू नको.”

“हां वं माय, हां.”

यंत्र बारीक टिकटिक करतं. तिने विचारलं, “आत घड्याय शे का?” मी म्हटलं, “नाही, आवाज जातोय. तुझ्याकडून माझ्याकडे.” मग खांबाच्या पलीकडून, मला दिसत नव्हती तिथून, म्हणाली, “पोरेसना आवाज बी आसाच आत बठेल व्हई. मशीनले ऐकू येस का तो?”

सरांनी पडद्यावरून मान वर केली नाही. चष्मा पुसला.

मी काहीतरी म्हणाले असेन. आठवत नाही. आकडा आला तो आठवतो. चारच्या वर. कानीच्या खांबातून आवाज सुसाट गेला. पुढचा खांब, तोही. मग त्याच्या पुढचा. पडवीच्या पूर्वेकडच्या टोकाला आलो तेव्हा आकडा कोसळला. शेवटच्या दोन खांबांत आवाज अडखळत होता. तिथे वर पाण्याची टाकी आहे. ती नंतर बसवलेली, तिच्या पाइपातून वर्षानुवर्षं पाणी याच दोन खांबांवर ठिबकत होतं. आम्ही पोरं तिथे ओंजळी धरायचो. छिन्नीने उघडलं. सळईला पापुद्रे सुटलेले, बोट लावलं की गळत होते. आणि एका जागी सळई फळीला टेकलेली असतानाच काँक्रीट ओतलं गेलं होतं, वर काँक्रीटचं पुरेसं पांघरूणच नव्हतं. तीही अब्बांचीच फळी. हे मी लपवत नाही. त्यांचे दोन खांब नापास झाले. बाकीचे सगळे पास.

दोन खांब म्हणजे काय? स्लॅबला टेकू लावायचे, कुजलेलं काँक्रीट काढायचं, सळया साफ करायच्या, गेलेल्या बदलायच्या, भोवती नवं काँक्रीट ओतायचं. आणि टाकी हलवायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत उरकतं. त्यासाठी अख्ख्या शाळेला कुलूप लावत नाहीत. तेवढं एक टोक दोरीने बंद करतात आणि पलीकडे पाढे चालू ठेवतात.

सरांनी स्वतःच्या सहीने नवा अहवाल दिला. आधीच्या आकड्यांचा भरवसा धरू नये आणि का धरू नये, हेही लिहिलं. या वयात, निवृत्ती तोंडावर असताना, हे करायला छाती लागते. मी त्यांच्याशी भांडले होते, गरज पडली तर पुन्हा भांडेन. पण त्या रविवारी परतताना ते जीपमध्ये चढू लागले तेव्हा मी त्यांना हात दिला. त्यांनी विचारलं, “हां?” मी म्हटलं, “हां.”

अहवाल पोचला. पोच मिळाली. उन्हाळा गेला. यंदाचा जून गेला, पुढचा तेवढा उरला. आणखी काही पोरांची नावं कायमची तिकडे गेली. या पोळ्याला कुलूप वर्षाचं झालं. किल्ली नेमकी कुठल्या टेबलाच्या खणात आहे ते आता कुणालाच सांगता येत नाही.

मी अजून तपासणीची कामं करते, मिळतील तशी, दुसऱ्यांच्या यंत्रावर. खांबाच्या पलीकडून कुणीतरी ‘हां’ म्हणतं आणि प्रत्येक वेळी क्षणभर वाटतं, हा आवाज ओळखीचा निघेल. निघत नाही. मग पुढचा खांब.

गावाकडे गेले की जिजामायच्या ओट्यावर बसते. ती सकाळी फाटकापुढची जागा झाडते. कुणी सांगितलेलं नाही. सकाळी पोरांची रिक्षा दुसऱ्या गावाला निघते. आधीची पोरं तिला बघून रिक्षातून ओरडतात, “जिजामाय, आज काय शे वं?” आणि ही कंबरेवर हात ठेवून उत्तर देते, “मटकीनी उसय!” किंवा “वटाणाना भात!” चूल बंद, पातेलं पालथं, तरी रोज वेगळा पदार्थ सांगते. रिक्षा हसत निघून जाते.

गेल्या खेपेला मी होते तेव्हा रिक्षा गेली, पण कुणी ओरडलं नाही. त्या दिवशी रिक्षात नुसती पहिलीची नवी पोरं होती. त्यांना ही बाई कोण ते माहीतच नाही. जिजामाय तोंड उघडून, उत्तर तयार ठेवून उभी होती. धूळ बसली तेव्हा वळली आणि मला म्हणाली, “आज साबुदाना व्हता. ऱ्हाई गया.”

मी तुमची हळहळ मागत नाही. हळहळ आमच्याकडे पुष्कळ आहे. येत्या सव्वीस जानेवारीला तुमच्या गावात ग्रामसभा आहे. झेंडा झाला की जिलेबी खाऊन घरी जाऊ नका. उभे राहा आणि तीन गोष्टी मोठ्याने विचारा: आपल्या शाळेचे खांब प्लॅस्टर काढून तपासले का? फेरतपासणीचा शेरा असेल तर तो कुणी वाचला? आणि कुलूप असेल तर किल्ली कुणाकडे? उत्तर मिळेपर्यंत बसू नका. ठराव लिहून घ्या, त्यात दुरुस्तीची तारीख जूनच्या आधीची घाला. आणि तपासणीवाले येणार असतील तर तुमच्या शाळेचं तोंड धुऊ नका. आहे तशी दाखवा.

हे काम एकट्याने होत नाही. खांबाच्या या बाजूला मी उभी आहे. त्या बाजूला जा, हात लावा, दाबून धरा, आणि मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणा.